माग आणि संशय : संगणकाच्या दारावरील अनोळखी वाहतूक

पूर्वीच्या काळी महाराष्ट्रातील एखाद्या गावी चोरी झाली, म्हणजे गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जात असे. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरला, की तो त्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करण्यात येई. आणि ज्या गावी माग नाहीसा होई, त्या गावावर चोरीची जबाबदारी येऊन पडे. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आढळते. या पद्धतीचा सारा भार एका कौशल्यावर होता. धुळीत पावले तर सर्वांचीच उमटतात. गुराख्याची, वाटसरूची, बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्यांची. त्या शेकडो पावलांतून परके पाऊल कोणते, आणि परक्या पावलांतूनही चोराचे कोणते, हे ज्याला कळे तोच खरा जागल्या.

आज घरोघरी संगणक आहे, आणि त्याच्या दारावरून रात्रंदिवस जी ये-जा चालते, तिच्याविषयी नेमका हाच प्रश्न उभा राहतो. संगणकाचा वापर वर्षानुवर्षे करणारा एखादा गृहस्थ कुतूहलाने एखाद्या दिवशी ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा चालवून पाहतो. पडद्यावर परदेशी पत्त्यांची भलीमोठी यादी उमटते. यांपैकी एकाही पत्त्याशी त्याने जाणूनबुजून संबंध जोडलेला नसतो. आपल्या घरात कोणी शिरले आहे, अशी शंका त्याच्या मनात येते, आणि ती एकदा आली म्हणजे सहजासहजी जात नाही. येथून दोन वाटा फुटतात. एक, ‘असेल काही तरी’ असे म्हणून यंत्र पुन्हा कामाला लावण्याची. दुसरी, भेटेल त्याला चोर ठरविण्याची. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर या दोन्ही वाटांनी माणसे फसलेली दिसतात.

ही ये-जा चालते कशी, ते आधी थोडक्यात पाहिले पाहिजे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्याने जे नियम स्वीकारले, तेच आजच्या इंटरनेटचा पाया होत. या नियमांनुसार कोणताही मजकूर सलग न जाता लहान लहान पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा अंकांत लिहिलेला पत्ता असतो, आणि त्याशिवाय ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक क्रमांक असतो. पत्ता हा वाड्याचा, तर पोर्ट हा त्या वाड्यातील खोलीचा क्रमांक म्हटला तर चालेल. संकेतस्थळे ठरावीक खोल्यांतून बोलतात, पत्रे ठरावीक खोल्यांतून जातात, घड्याळे जुळविण्याचे काम १२३ क्रमांकाच्या खोलीतून चालते. पाकिटावरील पत्ते वाचण्यास विद्वत्ता लागत नाही. परंतु त्यांचा अर्थ लावण्यास मात्र अनुभव लागतो.

हा अनुभव जगाला प्रथम कसा मिळाला, त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ संगणक सांभाळण्याच्या कामावर नेमला गेला. संगणकाच्या वापराचे पैसे खातेदारांकडून घेतले जात, आणि त्या महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक येत होता. तो का येतो, एवढेच शोधण्याचे काम स्टोलला मिळाले. एखाद्या कारकुनाने ही रक्कम खोडून टाकली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता. स्टोलने ती खोडली नाही. ज्याचा पत्ता कोठेच नोंदलेला नाही असा एक खातेदार यंत्रात वावरत आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याला हाकलून देणे सोपे होते. परंतु स्टोलने त्याला वावरू दिले आणि तो करतो काय, हे पाहावयाचे ठरविले. एका सुट्टीच्या दिवसांत त्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरील छपाईयंत्रे व टेलिप्रिंटर उचलून आणले, बाहेरून येणाऱ्या तारांना जोडले, आणि त्या अज्ञात पाहुण्याने दाबलेली एकूण एक कळ कागदावर उतरवून घेतली.

त्या कागदांवरून जे उघड झाले ते हिशेबातील चुकीपेक्षा फार वेगळे होते. पाहुणा प्रयोगशाळेत मुक्कामाला आलेला नव्हता; तिच्या दारातून तो अमेरिकेच्या लष्करी संगणकांकडे जात होता. सुमारे ४५० संगणकांची दारे त्याने ठोठावली, आणि त्यांपैकी तिसांहून अधिक ठिकाणी तो आत शिरला. त्यासाठी त्याला फारशी विद्या लागली नाही. पुष्कळ ठिकाणी यंत्र विकत घेताना जो पासवर्ड मिळाला, तोच तसाच राहिला होता. माग काढण्याचे काम मात्र अवघड होते. प्रयोगशाळेतून तो ‘टिमनेट’ या व्यापारी जाळ्यापर्यंत, तेथून व्हर्जिनिया राज्यातील संरक्षणविषयक कामे करणाऱ्या एका संस्थेपर्यंत, आणि शेवटी समुद्रापलीकडे पश्चिम जर्मनीत गेला. त्या व्हर्जिनियातील संस्थेला आपल्या टेलिफोनवरून कोणी परका दूरदूरचे दूरध्वनी लावतो आहे याची गंधवार्ताही नव्हती. पावले तिच्या अंगणात उमटली होती, पण चोर ती नव्हती. स्टोलने पाकिटाला उत्तर येण्यास किती वेळ लागतो हे मोजून पाहुणा किती दूर असावा याचाही अंदाज बांधला होता, आणि तो फार दूर असल्याचे त्यावरून दिसत होते.

जर्मनीतील जुन्या पद्धतीच्या टेलिफोन केंद्रात माग काढण्यास बराच वेळ लागे, आणि पाहुणा तेवढा वेळ तारेवर थांबत नसे. तेव्हा १९८७ च्या प्रारंभी स्टोलने क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या एका खोट्या प्रकल्पाची लांबलचक कागदपत्रे रचून त्याच्या वाटेत ठेविली. पाहुणा ती वाचीत बसला आणि माग ब्रेमेनच्या विद्यापीठावरून हॅनोव्हरच्या एका घरापर्यंत पोहोचला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० साली त्झेले येथील न्यायालयात तिघांना हेरगिरीबद्दल दोषी ठरविण्यात आले. शिक्षा तहकूब ठेवण्यात आल्या. या टोळीच्या वर्तुळातील कार्ल कोख नावाचा तरुण मात्र १९८९ साली एका जंगलात जळून मरण पावलेला आढळला. स्टोलने या साऱ्या प्रकरणावर लिहिलेल्या पुस्तकाला ‘कोकिळेचे अंडे’ अशा अर्थाचे नाव दिले. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालते आणि कावळा ते आपले म्हणून उबवितो, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

पहिला धडा हा होय. परकी हालचाल मोठ्या गाजावाजाने येईलच असे नाही. ती ७५ सेंटांच्या फरकाच्या रूपानेही येते. ज्याला आपला हिशेब पक्का ठाऊक आहे, त्यालाच तो फरक दिसतो.

यानंतर दोनच वर्षांनी वेगळ्या जातीचे संकट उद्भवले. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक कार्यक्रम जाळ्यावर सोडला. त्याचे काम एकच : एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात स्वतःची प्रत पाठविणे. त्या वेळी सारे इंटरनेट सुमारे ६०,००० यंत्रांचे होते, आणि त्यांपैकी अंदाजे ६,००० यंत्रे या ‘किड्या’ने ग्रासली असे मानले जाते. त्याने कोणतीही फाइल नष्ट केली नाही. परंतु एकाच यंत्रात तो पुन्हा पुन्हा शिरत राहिल्यामुळे प्रतींची गर्दी होऊन यंत्रे बंद पडली. मॉरिसला १९९० साली ३ वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलरांचा दंड अशी शिक्षा झाली. या घटनेतून पिट्सबर्ग येथे संगणकीय आणीबाणीच्या वेळी मदत करणारे पहिले पथक उभे राहिले. आता दार ठोठावणारा माणूसच असतो असे राहिले नव्हते. यंत्रे यंत्रांची दारे ठोठावू लागली होती, आणि त्यांना झोप नव्हती.

त्याच सुमारास पाकिटे वाचण्याची साधनेही तयार होत होती. ज्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टोलने छपाईयंत्रे जोडली, तेथेच व्हॅन जेकबसन व त्याचे सहकारी यांनी १९८८ मध्ये ‘टीसीपीडम्प’ हा तारेवरची पाकिटे टिपणारा कार्यक्रम लिहिला. पुढे १९९८ साली जेराल्ड कोम्ब्स याने ‘इथरीअल’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. २००६ पासून ते ‘वायरशार्क’ या नावाने ओळखले जाते आणि विनामूल्य मिळते. एके काळी प्रयोगशाळेपुरती असलेली दुर्बीण अशा रीतीने सामान्य गृहस्थाच्या हाती आली. दुर्बीण हाती आली म्हणजे आकाशाचे ज्ञान आले, असे मात्र होत नाही.

याची जाणीव प्रथम करून देणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्टीव्हन बेलोविन. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना त्याने आपल्या वेशीवर येणारी विचित्र पाकिटे जपून ठेवण्यास व वाचण्यास प्रारंभ केला, आणि १९९३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत चोरांचे प्रयत्न होतेच. परंतु त्यांच्या जोडीला नुसत्या गोंधळातून जन्मलेली पाकिटेही होती. आपल्या वाड्यातच ऐकू जावी म्हणून मारलेली हाक चुकीच्या मांडणीमुळे साता समुद्रांपलीकडे त्याच्या दाराशी येऊन पोहोचत होती. तिच्यामागे दुष्टावा नव्हता, चूक होती. संशयास्पद दिसणे आणि संशयित असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा दुसरा धडा त्याने दिला.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. मुंबई-पुण्याप्रमाणेच पुढे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील घरांतही संगणक तारेने जगाशी जोडला गेला, आणि जगातील साऱ्या चांगल्यावाइटाची वाट घराच्या उंबरठ्यापर्यंत आली. १९ जुलै २००१ रोजी ‘कोड रेड’ नावाच्या किड्याने १४ तासांच्या आत ३,५९,००० यंत्रे ग्रासली. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ आला. तो अवघ्या ३७६ बाइटांचा, म्हणजे एका लहानशा पाकिटात मावणारा होता. तरी दर साडेआठ सेकंदांस दुप्पट होत त्याने १० मिनिटांत बळी पडू शकणाऱ्या बहुतेक सर्व यंत्रांचा कब्जा घेतला. निदान ७५,००० यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. त्याला प्रतिबंध करणारी दुरुस्ती सहा महिने आधी उपलब्ध झाली होती. ती लावून घेण्याचे मात्र राहून गेले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ने घरगुती संगणकांचा पिच्छा पुरविला, पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा चालू होई. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेत ‘फायरवॉल’ हा पहारा आरंभापासूनच चालू ठेवला, त्यामागे या अनुभवांचा मोठा वाटा होता.

या सर्व किड्यांनी एक कायमचा अवशेष मागे ठेविला. रोगी यंत्रे वर्षानुवर्षे जगात कोठे ना कोठे चालू राहतात आणि येईल त्या पत्त्यावर पाकिटे फेकीत बसतात. ज्या पत्त्यावर एकही संगणक नाही, अशा रिकाम्या पत्त्यावरही ही पाकिटे अखंड येत असतात. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील शास्त्रज्ञांनी अशा लक्षावधी रिकाम्या पत्त्यांवर कान ठेवून या वर्षावाचा अभ्यास केला. २००४ मधील एका शोधनिबंधाने त्याला इंटरनेटचे ‘पार्श्वभूमी प्रारण’ असे नाव दिले. घरातील राउटरच्या नोंदवहीत ‘अमुक देशातून प्रयत्न, परतविला’ अशा ओळी दिसल्या, की पुष्कळांना आपल्यावर कोणी डूख धरला आहे असे वाटते. वस्तुतः तो पाऊस आहे. तो सर्वांच्याच छपरावर पडतो. छप्पर गळत नाही ना, एवढेच पाहावयाचे असते.

संशयाच्या बाबतीत घाई का करू नये, याचे अप्रतिम उदाहरण २००३ सालचेच आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील एका संगणकावर पाकिटांचा महापूर आला. हा संगणक लोकांना अचूक वेळ सांगण्याची सेवा विनामूल्य देत असे. पाकिटे जगभरातून येत होती, आणि गंमत अशी की ती सारी एकाच, २३४५७ क्रमांकाच्या पोर्टातून निघालेली होती. सेवा बंद पाडण्यासाठी हेतुपुरस्सर केलेला हा हल्ला असावा, असे कोणासही वाटले असते. विद्यापीठाने ती पाकिटे वेशीवरच अडविली. परंतु जूनमध्ये पाहिले तो पूर ओसरण्याऐवजी वाढून सेकंदाला अडीच लाख पाकिटांवर गेलेला. तेथील डेव्ह प्लोंका याने चिकाटीने शोध केला, तेव्हा उघड झाले की यामागे कोणी शत्रू नव्हता. नेटगिअर कंपनीच्या काही घरगुती राउटरांत वेळ विचारण्यासाठी या एकाच संगणकाचा पत्ता कायमचा कोरून ठेविला होता, आणि उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारीत. अशी यंत्रे लाखोंच्या संख्येने विकली गेली होती. उत्तर अडविले म्हणून प्रश्न वाढले, आणि प्रश्न वाढले म्हणून हल्ल्याचा भास अधिक गडद झाला. ज्या कुटुंबांच्या घरी ही यंत्रे होती, त्यांना याची कल्पनाही नव्हती. त्यांना हल्लेखोर ठरविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच प्रकार झाला असता.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही, हे त्याच वर्षी लंडनमधील एका खटल्याने दाखविले. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन बंदराची संगणकव्यवस्था पाकिटांच्या भडिमाराने ठप्प झाली होती, आणि माग इंग्लंडमधील एका तरुणाच्या घरच्या संगणकापर्यंत पोहोचला. ऑक्टोबर २००३ मध्ये सदर्क येथील न्यायालयात, १९ वर्षांच्या या आरोपीने सांगितले की आपल्या यंत्रात परक्याने शिरून हे कृत्य केले. तज्ज्ञांना यंत्रात त्या परक्याचा मागमूस आढळला नाही; आपले काम आटोपून त्याने स्वतःला पुसून टाकले असावे, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. पंचांनी त्याला निर्दोष सोडले. त्या यंत्रात खरोखर कोणी शिरले होते की नाही, हा वाद बाजूला ठेविला, तरी एक गोष्ट उरतेच. पत्ता यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. माग घरापर्यंत आला म्हणून घरमालक चोर ठरत नाही. आणि घरमालकाने आपले यंत्र सांभाळले नाही, तर न केलेल्या कृत्याचा जाब देण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. ज्या गावी माग नाहीसा होई त्या गावाने भरपाई द्यावी, या जुन्या रिवाजातील न्याय आणि अन्याय दोन्ही येथे नव्याने प्रकट झाले.

पुढील संकटे अधिक गुप्त रूपाने आली. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रकट झालेल्या ‘कॉन्फिकर’ने लाखो यंत्रे अंकित केली. त्याला आपल्या धन्याची आज्ञा हवी असे, पण धन्याचा पत्ता त्यात लिहिलेला नसे. दररोज तो २५० नवी नावे गणिताने तयार करी आणि त्यांपैकी एखाद्या नावावर कोणी बसले आहे काय, हे विचारीत फिरे. नंतरच्या आवृत्तीत या नावांची संख्या दिवसाला ५०,००० झाली. निरर्थक अक्षरांच्या अशा नावांचा सतत शोध हीच त्याची पावलांची खूण ठरली. २०१६ मध्ये ‘मिराई’ आला, आणि त्याने संगणक सोडून घरातील कॅमेरे, चित्रमुद्रण यंत्रे व राउटर यांना हात घातला. त्याची सारी विद्या म्हणजे कारखान्यातून येणारे साठेक पासवर्ड एकामागून एक वापरून पाहणे. तेवढ्या शिदोरीवर त्याने सहा लाखांच्या घरात यंत्रे जमविली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच्या सैन्याने ‘डिन’ या कंपनीवर केलेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेतील अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. हे यंत्र एकदा बंद करून चालू केले म्हणजे मिराई नाहीसा होई. पण पासवर्ड तोच राहिला तर थोड्याच वेळात परत येई. १९८६ साली हॅनोव्हरच्या पाहुण्याला ज्या उघड्या दारांनी आत घेतले, तीच दारे तीस वर्षांनीही उघडीच होती.

या इतिहासाच्या उजेडात त्या घाबरलेल्या गृहस्थाची यादी पुन्हा वाचली, तर तिच्यातील बराचसा भाग निरुपद्रवी ठरतो. १२७.०.०.१ हा पत्ता कोणा परक्याचा नव्हे; संगणक त्या पत्त्यावर स्वतःशीच बोलत असतो. ०.०.०.० म्हणजे एखादा कार्यक्रम कोणाची वाट पाहत बसला आहे, इतकेच. १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते १९९४ पासून घरगुती वापरासाठी राखून ठेविलेले आहेत. ते घरातीलच दुसऱ्या यंत्राचे, छपाईयंत्राचे किंवा राउटरचे असतात. राउटर हा वाड्याच्या देवडीसारखा असतो. बाहेरच्या जगाला देवडी दिसते, आतील खोल्या दिसत नाहीत. २३९ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ‘घरात आणखी कोण आहे?’ अशी सर्वांना उद्देशून मारलेली हाक होय. उरलेल्या परदेशी पत्त्यांपैकी बहुतेक मोठमोठ्या साठवण-कंपन्यांचे असतात. १९९८ साली स्थापन झालेल्या अकमाईसारख्या कंपन्या इतरांची चित्रे व मजकूर जगभर आपल्या यंत्रांवर ठेवतात. त्यामुळे वर्तमानपत्र उघडले तरी पत्ता भलत्याच कंपनीचा दिसतो. नव्या दुरुस्त्या आल्या आहेत काय, घड्याळ बरोबर आहे काय, नवे पत्र आले आहे काय, हे विचारण्यासाठी संगणक मालकाला न सांगता दिवसभर बाहेर जात असतो.

मग खरा संशय केव्हा घ्यावा? येथे चार प्रश्न उपयोगी पडतात. पहिला, ही पाकिटे घरातील कोणत्या कार्यक्रमाची आहेत? ‘नेटस्टॅट’ला योग्य जोड दिली की कार्यक्रमाचा क्रमांक कळतो, आणि क्रमांकावरून नाव. नाव ओळखीचे असले तरी तो आपल्या नेहमीच्या जागी आहे काय, हे पाहावे. कारण वेषांतर हा चोराचा जुना धंदा आहे. दुसरा, ती कोठे जातात? पत्त्याचा नोंदणीकृत मालक कोण, हे कोणालाही पाहता येते. मात्र नकाशावर दिसणारे स्थान पुष्कळदा अंदाजाचे असते, त्यावर विसंबू नये. तिसरा, केव्हा जातात? घरातील माणसे झोपलेली असताना ठरावीक अंतराने एकाच अनोळखी पत्त्याशी होणारी कुजबुज तपासण्यासारखी असते. तथापि दुरुस्त्याही रात्रीच येतात, हे विसरता कामा नये. चौथा, किती जातात, आणि कोणत्या दिशेने? घरगुती संगणक सामान्यतः घेतो पुष्कळ आणि देतो थोडे. कोणी काही पाठवीत नसताना बाहेर जाणारा लोंढा मोठा झाला, किंवा एकच यंत्र शेकडो पत्त्यांची दारे एकामागून एक ठोठावू लागले, तर त्या वेळी स्वस्थ बसणे बरे नव्हे. हल्ली बहुतेक पाकिटांतील मजकूर सांकेतिक लिपीत बंद असतो, त्यामुळे तो वाचता येत नाही. परंतु या चार प्रश्नांची उत्तरे पाकिटाच्या बाहेरूनही मिळतात.

एका प्रश्नाचे उत्तर संशयास्पद आले म्हणून निवाडा करू नये. चारही उत्तरे एकाच दिशेने बोट दाखवू लागली, तर यंत्र जाळ्यापासून तोडावे, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदलावेत आणि मग शोध घ्यावा. मदतीची सोय देशात आहे. जानेवारी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था काम करते, आणि तिच्यामार्फत २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालेले ‘सायबर स्वच्छता केंद्र’ यंत्रे तपासण्याची साधने विनामूल्य देते. दुरुस्त्या वेळेवर लावणे आणि कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे या दोन गोष्टी एवढ्या साध्या आहेत की त्या सांगताना संकोच वाटावा. परंतु वर वर्णिलेल्या संकटांपैकी बरीचशी त्या दोन गोष्टी न केल्यामुळेच ओढवली.

आणखी एक गोष्ट शांततेच्या दिवशीच करून ठेवण्यासारखी आहे. यंत्र निरोगी असताना, मनात कसलीही शंका नसताना, ती पत्त्यांची यादी एकदा सावकाश वाचावी आणि कागदावर उतरवून ठेवावी. कोणता कार्यक्रम कोणाशी बोलतो, किती वेळा बोलतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला परके पाऊल उमटताच ओळखू येते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला सगळीच पावले परकी वाटतात किंवा एकही वाटत नाही. जुना जागल्या रात्री चोराला ओळखी, त्याचे कारण दिवसा तो साऱ्या गावाला ओळखत असे.